पोपटाची ओळ

बारकी घरातल्या सगळ्या बायकांपेक्षा उंच होती, तरी तिचं नाव बारकीच राहिलं. भावंडांत शेवटची म्हणून लहानपणी कोणीतरी तशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. ऑफिसात तिचा शब्द मानणारे लोक होते, तिने लिहिलेले प्रोग्राम दोन दवाखान्यांत आणि एका वाचनालयात चालत होते. पण मावशीचा फोन आला की पलीकडून "बारके" ऐकू यायचं आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत दहा वर्षांची व्हायची.

त्या सकाळी मावशीने हाक न मारताच बोलायला सुरुवात केली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे बारकीच्या लक्षात आलं.

"काकांनी कासवाला फिरायला नेलं," मावशी म्हणाली. "गळ्यात दोर बांधून. म्हणजे गळ्यात नाही, कवचाभोवती. फाटकापासून टपालपेटीपर्यंत. सकाळी निघाले ते जेवायच्या वेळेला परत आले."

बारकीला हसू आवरेना. मावशी मात्र हसली नाही.

"हसू नकोस. कागदावर तसंच लिहिलं होतं. सकाळ-संध्याकाळ लांब फेरी, मांजर दिसलं तर दोर घट्ट धरावा. कासवाच्या नावापुढे. आणि कुत्र्याच्या नावापुढे काय, तर संध्याकाळी वरून कापड टाकावं. आणि हे सगळं मी भरलंय, बारके. माझ्याच हातांनी."

मावशीचा शेवटचा शब्द जरा हलला, आणि बारकीचं हसू तिथेच विरलं.

मावशी आयुष्यभर परिचारिका होती. एका रांगेत वीस खाटा, प्रत्येक खाटेचं औषध वेगळं, आणि एकाची गोळी दुसऱ्याच्या तोंडी गेली असं तिच्या हातून कधी झालं नाही. तिला गर्व म्हणावा असा तेवढा एकच होता. निवृत्त झाल्यावर घरात नुसतं बसणं तिला जमेना, म्हणून तिने आणि काकांनी मागच्या अंगणातल्या खोल्या साफ केल्या, जाळ्या बसवल्या आणि लोक गावाला गेले की त्यांचे प्राणी सांभाळायला सुरुवात केली. मावशी त्यांना पाहुणे म्हणायची. पाहुण्यांत ससे असत, मांजरी असत, एकदा एक सरडाही मुक्कामाला येऊन गेला होता. काका रेल्वेतले गार्ड. लेखी हुकमाशिवाय त्यांनी कधी हिरवा झेंडा हलवला नव्हता आणि लेखी हुकूम असला की कधी शंका काढली नव्हती. मावशीने छापून जाळीवर लावलेला कागद हा त्यांच्या दृष्टीने हुकूमच होता.

तो कागद ज्या प्रोग्राममधून छापला जाई, तो बारकीने लिहिला होता. मावशीला वाढदिवसाची भेट म्हणून.

मावशीने पुढचं सांगितलं. समोरच्या घरातल्या कोणीतरी काका आणि कासव यांच्या प्रभातफेरीचा व्हिडिओ काढला होता, आणि तो फिरत फिरत ताईपर्यंत पोचला होता. ताई म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी. ती विमा कंपनीत धोके मोजायच्या खात्यात होती. तिला कुठलाही जिना दिसला की आधी त्यावरून पडणारा माणूस दिसायचा. व्हिडिओ बघून सगळं जग हसलं, ताई हसली नाही. तिने फोन करून खोदून खोदून विचारलं, आणि मावशीला खोटं बोलता येत नसल्यामुळे कुत्र्याचं कापडही बाहेर पडलं.

"शनिवारी येतेय चहाला," मावशी म्हणाली. "बोलायला येतेय. तिचं म्हणणं, हे सगळं आता बंद करा. आज कुत्र्या-कासवात गोंधळ झाला, उद्या माझ्या गोळ्या काकांच्या पोटात जातील." मग जरा थांबून ती म्हणाली, "मला वाटतं, तिचं खरं असेल गं. मला तर पक्कं आठवतंय, मी बरोबर लिहिलं होतं. पण चुकणाऱ्याला असंच वाटत असणार ना?"

बारकी म्हणाली, मी बघते. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्याही मनात हेच आलं की मावशीचं वय झालं. आणि असं मनात आलं म्हणून तिला दिवसभर कसंतरी वाटत राहिलं.

ऑफिसात तिने त्या प्रोग्राममधला फॉर्म उघडला. तो साधाच होता. सुरुवातीला पडद्यावर मालकाचं नाव आणि तारखा एवढंच असे. खाली एक बटण, "आणखी एक पाहुणा". ते दाबलं की एक नवी ओळ जन्माला यायची: प्राण्याचं नाव, त्याची जात, आणि सूचना लिहायला एक मोठा चौकोन. जात पक्षी निवडली तर "बोलतो का?" असा आणखी एक प्रश्न आपोआप उगवायचा, कुत्रा निवडला तर "चावतो का?" असा. कोणाकडे एकच मांजर असतं, कोणाकडे अख्खी जत्रा, म्हणून ओळी आधीपासून मांडून ठेवणं शक्यच नव्हतं. लागतील तशा त्या तयार व्हाव्या लागत. नको असलेली ओळ काढायला प्रत्येक ओळीच्या टोकाला लाल फुली होती. ही ओळी उगवण्याची जादू बारकीची एकटीची नव्हती. ती ज्या फ्रेमवर्कमध्ये काम करायची, त्या तयार सांगाड्याला नुसती यादी द्यायची. यादीतल्या प्रत्येक नावामागे एक ओळ तो स्वतः रंगवायचा, आणि यादी बदलली की पडदाही बदलायचा.

तिने एक पाहुणा वाढवला. दुसरा वाढवला, तिसरा वाढवला. सूचना लिहिल्या. पाठवलं. सगळं जिथल्या तिथे. मग आणखी एक वाढवून त्याची फुली दाबली. तो गेला, बाकीचे आपापल्या जागी शहाण्यासारखे बसून राहिले. तिने हाच प्रकार पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि प्रत्येक वेळी फॉर्म तिच्याकडे निष्पाप चेहऱ्याने बघत राहिला.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे चष्मा म्हणत, कारण तो बोलण्याआधी नेहमी चष्मा पुसायचा, त्याने खुर्ची सरकवून पाच मिनिटं बघितलं. साठवलेली माहितीही तपासली. तिथे कासवापुढे फेरीच लिहिलेली होती. म्हणजे फॉर्मकडून जे आलं तेच साठवलं गेलं. त्याने चष्मा पुसला.

"वापरणाऱ्याची चूक," तो म्हणाला. "बंद कर तक्रार."

"वापरणारी माझी मावशी आहे."

"मग प्रेमाने बंद कर," चष्मा म्हणाला आणि खुर्ची घेऊन परत गेला.

बारकीने तक्रार बंद केली नाही, पण तिच्या हाती काही लागलंही नाही. शनिवारी सकाळी लॅपटॉप काखोटीला मारून ती मावशीकडे गेली, ती काही शोध लागेल या आशेने नव्हे. ताई पाढा वाचायला लागेल तेव्हा मावशीच्या बाजूला कोणीतरी बसलेलं असावं, एवढाच तिचा हेतू होता.

फाटकापाशी काका भेटले. त्यांच्या हातात दोर होता आणि दोराच्या टोकाला काहीच नव्हतं. कासव कालच घरी गेलं, असं त्यांनी सांगितलं. सांगताना ते टपालपेटीच्या दिशेने बघत होते.

"मालक रागावले का?" बारकीने विचारलं.

"छे. ते म्हणाले, इतकं ताजंतवानं कधी दिसलं नव्हतं." काकांनी दोराची नीट घडी घातली. "चालायला लागलं की थांबायचं नाव नाही. इंजिन बरं असतं, सिग्नलला तरी थांबतं. हे नाही."

स्वयंपाकघरात मावशीने टेबल लखलखीत पुसून ठेवलं होतं, दवाखान्यात मोठे डॉक्टर फेरीला येणार असले की पुसत असेल तसं. ताई दुपारी येणार होती. बारकीने लॅपटॉप उघडून तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, मावशी, त्या दिवशी जसं भरलंस, तसंच मला भरून दाखव. मी मध्ये बोलणार नाही.

मावशीने चष्मा लावला, पाठ ताठ केली आणि सुरुवात केली. ते घर दातांच्या डॉक्टरांचं होतं. डॉक्टरीणबाईंचा फोन चालू असतानाच तिने फॉर्म भरला होता. मालकाचं नाव झालं. तारखा झाल्या. मग तिने बटण दाबलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं: वकील. जात: पक्षी.

"हा कोण?" बारकी म्हणाली.

"त्यांचा पोपट. फार उलटतपासणी करतो म्हणून वकील."

"पण पोपट तर आलाच नव्हता ना?"

"आला नाही," मावशी म्हणाली, "पण लिहिला होता. तूच म्हणालीस ना, जसं भरलं तसंच भर? मग मध्ये बोलू नकोस."

मावशीने पोपटाच्या सूचना लिहिल्या: संध्याकाळी वरून कापड टाकावं. रोज थोडा वेळ गप्पा माराव्यात, नाहीतर रुसतो. उलट बोलला तर मनावर घेऊ नये. मग दुसरी ओळ, भोपळ्या, कुत्रा: सकाळ-संध्याकाळ लांब फेरी, मांजर दिसलं तर दोर घट्ट धरावा. तिसरी ओळ, झटपट, कासव: सकाळी तासभर ऊन, कोबीची पानं बारीक करून, पाण्याची बशी उथळ. तिचा हात सावकाश चालत होता पण एकही अक्षर चुकत नव्हतं.

"इथपर्यंत आले," मावशी म्हणाली, "आणि फोनमध्ये मागे आरडाओरडा ऐकू आला. डॉक्टरांच्या आई. माझा पोपट कुठेही जाणार नाही, गेला तर मीही त्याच्याबरोबर पिंजऱ्यात राहायला जाते म्हणाल्या. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोपट राहू द्या, दोघांनाच पाठवते. म्हणून मी ही फुली मारली." तिने पहिल्या ओळीची फुली दाबली. "आणि पाठवून दिलं. फोन ठेवायची घाई होती, सगळं परत कुठे वाचू?"

तिचं बोट पाठवण्याच्या बटणाकडे निघालं होतं. बारकीने ते हवेतच धरलं.

पडद्यावर दोन ओळी उरल्या होत्या. पहिली, भोपळ्या, कुत्रा: संध्याकाळी वरून कापड टाकावं. दुसरी, झटपट, कासव: सकाळ-संध्याकाळ लांब फेरी.

नावं वर सरकली होती. सूचना जागच्या हलल्या नव्हत्या. आणि कोबीची पानं कुठल्या कुठे गेली होती.

प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला चूक सापडते तेव्हा एक विचित्र आनंद होतो. ती चूक आपली स्वतःची असली तरी तो आधी होतो आणि लाज मागाहून येते. बारकीला तो आनंद पुरता व्हायच्या आतच एक जुनी दुपार आठवली. फॉर्म लिहिताना फ्रेमवर्कने तिला एक पिवळी सूचना दाखवली होती: प्रत्येक ओळीला तिची स्वतःची अशी ओळख द्या, नाहीतर यादी बदलल्यावर कोणती ओळ कोणाची हे मला कळणार नाही. वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. ओळख म्हणून तिने ओळीचा क्रमांकच देऊन टाकला: पहिली, दुसरी, तिसरी. पिवळी सूचना गप्प झाली आणि बारकी भेटवस्तूचा कागद आणायला दुकानात गेली.

आता क्रमांक ही काही ओळख नव्हे. पहिला गेला की दुसराच पहिला होतो. फ्रेमवर्कच्या हिशेबाने पहिली ओळ होती तिथेच होती, दुसरीही होती, फक्त तिसरी नाहीशी झाली होती; म्हणून त्याने शेवटची ओळ तिच्यातल्या मजकुरासकट उचलली आणि उरलेल्या दोन ओळींवरची नावं तेवढी बदलली. सूचनांचे चौकोन मात्र तिने आपापलं सांभाळायला मोकळे सोडले होते, ते आपलं आधीचं घेऊन बसून राहिले. आणि तपासताना? तपासताना ती नेहमी शेवटचा पाहुणा वाढवायची आणि शेवटचाच काढायची. शेवटचा काढला तर कोणालाच सरकावं लागत नाही. पुढच्याला काढून बघायचं तिच्या मनातच आलं नाही, कारण तिच्या मनातल्या घरात पोपटासाठी भांडणारी आजी नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "तू चुकली नाहीस. मी चुकले."

मावशीने चष्मा काढला. तो पुन्हा लावला. पडद्यावरच्या दोन्ही ओळी वाचल्या, बोट ठेवून, शब्दाशब्दाला. मग खुर्चीला टेकून तिने इतका लांब श्वास सोडला की दाराशी झोपलेल्या पाहुण्या मांजराने डोकं वर केलं.

"म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं," ती म्हणाली.

"अक्षर न् अक्षर."

"मग कर दुरुस्त. किती वेळ लागेल?"

"चहा उकळायच्या आत होईल. पण आत्ता नाही करत," बारकी म्हणाली. "ताई येऊ दे. दुरुस्त केलेल्या फॉर्मवर काय दाखवणार तिला? ती म्हणेल, दोघींनी मिळून सारवासारव केली."

ताई आली ती तोंड भरून हसतच, आणि तेच वाईट लक्षण होतं. विमा कंपनीत वाईट बातमी हसून द्यायचं शिक्षण देतात. तिने आईला मिठी मारली, बाबांच्या तब्येतीची चौकशी केली, बारकीला "काय गं, तूही?" म्हणाली आणि टेबलाच्या डाव्या टोकाला बसली. तिच्या उजवीकडे काका, मग मावशी, मग बारकी, अशी रांग लागली. टेबल भिंतीला लावलेलं असल्यामुळे तिथे सगळ्यांना एकाच बाजूला बसावं लागे. मावशीने कप मांडले. ताईपुढे लिंबू पिळलेला कोरा चहा, काकांपुढे दुप्पट साखरेचा, स्वतःपुढे बिनसाखरेचा आणि कडू म्हणावा इतका कडक. बारकीपुढे दूध. बारकी चाळिशीला टेकली होती, पण मावशीच्या घरी तिला अजून चहा मिळत नसे.

ताईने घसा साफ केला. त्याआधी बारकीने लॅपटॉप पुढे केला, पोपटापासून सगळं पुन्हा करून दाखवलं आणि फुली दाबली. ताईने बघितलं. तिला दिसलं, पण पटलं नाही.

"मशीन असं का करेल?" ती म्हणाली. "मशीनला थोडंच वय होतं?"

बारकीला ऑफिसातल्या भाषेत याचं उत्तर देता आलं असतं आणि ते कोणालाही कळलं नसतं. तिने टेबलाकडे पाहिलं.

"ताई, तू जरा ऊठ. तू पोपट आहेस असं समज. तुझं येणं रद्द झालं."

ताई भुवया उंचावून उठली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"आता हिची जागा रिकामी राहता कामा नये. सगळ्यांनी एकेक खुर्ची डावीकडे. कपांना हात लावायचा नाही."

काका लगेच सरकले. हुकूम स्पष्ट होता. मावशी सरकली, बारकी सरकली. शेवटची खुर्ची मोकळी झाली, ती बारकीने तिच्यासमोरच्या दुधासकट उचलून ओट्यापाशी नेऊन ठेवली आणि परत येऊन बसली.

"प्या चहा," ती म्हणाली.

काकांनी कप तोंडाला लावला आणि त्यांचा चेहरा लिंबासारखाच झाला. मावशीने काकांच्या पाकाचा एक घोट घेतला आणि हे माणूस रोज पितं का, अशा नजरेने नवऱ्याकडे पाहिलं. बारकीने मावशीचा कडक चहा प्यायला. कडू होता, पण अखेर तिला या घरात चहा मिळाला होता.

ताई तिघांकडे बघत उभी होती. तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली, मग हळूहळू ती आठी सुटली. "माणसं सरकली," ती म्हणाली. "कप नाही सरकले."

"हो."

"आणि दूध? ते कासवाचं होतं?"

"कोबीची पानं," मावशी म्हणाली.

ताईने ओट्यापाशी ठेवलेली खुर्ची ओढून आणली, काकांपुढचा आपला कप घेतला आणि ती बसली. पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती, एका प्रयोगाने हात टेकणारी तर मुळीच नाही. तिने बाबांकडे मोर्चा वळवला.

"फॉर्म चुकला, मान्य. पण बाबा, कासवाला दोर बांधताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं की," काका म्हणाले. "दोर कुठे बांधायचा हेच कळेना."

"आणि आई, तू? कुत्र्यावर कापड टाकलंस?"

मावशी कपाकडे बघत बोलली. एकदा टाकलं, ती म्हणाली. त्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेलं, एका मांजरीला पिल्लं झालेली, डोकं वर काढायला फुरसत नव्हती. कागद वाचला आणि टाकलं. कुत्रा कापडाखालून बाहेर आला आणि त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला तिथेच कळलं, हे याचं नाही. दुसऱ्या दिवशी कागद बाजूला ठेवून तिने काकांना सांगितलं, कुत्र्यालाही फिरवा. कासवापुढे खाण्याचं काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी कोबी पहिल्या दिवसापासून ती आपल्या मनानेच देत होती, बारीक करून, उथळ बशीजवळ. कासवाला काय लागतं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. सहलीला गेलेल्या डॉक्टरांचे फोन डोंगरात लागत नव्हते, तरी रोज लावून पाहत होती.

"मग फेऱ्या का नाही थांबवल्या?"

"थांबवायला गेले होते," मावशी म्हणाली. "तर ते कासव सकाळी फाटकापाशी जाऊन उभं. आता त्याला काय सांगू, कागद चुकलाय म्हणून?"

ताईला हसू फुटलं. ते तिने दाबायचा प्रयत्न केला आणि लिंबाचा चहा नाकात गेला. काकांनी तिच्या पाठीत थापट्या मारल्या; मावशीने सवयीने तिची नाडी धरली. खोकला थांबल्यावरही ताई हसतच होती, आणि आता ते विमा कंपनीतलं हसू नव्हतं.

मावशीने पुन्हा चहा ठेवला, आणि तो उकळेपर्यंत बारकीने एक ओळ बदलली. आता प्रत्येक पाहुण्याला जन्मतःच एक स्वतंत्र खूण मिळत होती, रांगेतल्या जागेशी तिचा काही संबंध नव्हता. तो कुठेही सरकला तरी खूण त्याच्याबरोबर, आणि खुणेबरोबर त्याची सूचना. कप टेबलावर ठेवायचा नाही, ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, असं तिने काकांना समजावलं. काका म्हणाले, हे आधीच का नाही केलंस?

"सरक," ताई म्हणाली. "मी तपासते. तुम्ही लिहिणारे लोक स्वतःच्या लेकराला कधी नीट मारत नाही."

आणि ताई फॉर्मच्या हात धुऊन मागे लागली. तिने सिंह घातला, दोन झुरळं घातली, एक देवमासा घातला आणि त्याच्या सूचनेत लिहिलं, टब मोठा लागेल. मधलाच काढला, पहिला काढला, एका आड एक काढले, पुन्हा भरले. फॉर्मने कोणाचा टब कोणाला दिला नाही. पक्षी निवडून "बोलतो का?" ला हो म्हटलं आणि मग जात बदलून मासा केला, प्रश्न मुकाट्याने निघून गेला. बारकीने मनातल्या मनात कबूल केलं की ताई आपल्या ऑफिसात असती तर चष्म्याला चष्मा पुसायला वेळ मिळाला नसता.

शेवटी ताईने सगळ्यांच्या खाली एक हत्ती वाढवला. सूचनांच्या चौकोनात ती बराच वेळ काही लिहीना. मग तिने काहीतरी लिहिलं, आणि वरच्या एकेका ओळीची फुली दाबत गेली. सिंह गेला, झुरळं गेली, देवमासा टबासकट गेला. हत्ती एकेक पायरी वर चढत पहिल्या जागी येऊन उभा राहिला, आणि त्याची सूचना त्याच्याबरोबरच वर आली. ताईने पाठवण्याचं बटण दाबलं.

मावशीच्या फोनने ओट्यावर टुणकन आवाज केला. काका जवळ होते, त्यांनी तो उचलला आणि हात लांब धरून, गाडी सुटण्याची सूचना वाचावी तसं खणखणीत वाचलं:

"नवा पाहुणा. हत्ती. सूचना: आईला विचारा, तिला माहीत असतं."

मावशी दुधाचं भांडं विसळत होती. ते आधीच स्वच्छ होतं. मग ती पाठमोरीच म्हणाली, "हत्तीला जागा नाही. त्याला कळव तसं."

"मग काय, येत्या सुट्टीत माझी मांजर ठेव," ताई म्हणाली. "फॉर्म मी भरीन."

काका कधीच उठून बाहेर गेले होते. खिडकीतून ते अंगणात दिसत होते; मागच्या खोल्यांच्या दाराची रुंदी ते पावलांनी मोजत होते, कारण हुकूम लेखी होता आणि तो रद्द झाल्याचं त्यांना अजून कोणी लेखी दिलं नव्हतं.